तीन आद्याक्षरांमागची बाई

प्रश्न : माझा नातू सिडनीला शिकतो. त्याने मला तिथल्या १८३८ सालच्या एका वर्तमानपत्राच्या पानाचे छायाचित्र पाठवले. त्यात एक लांबलचक कविता आहे, एका आदिवासी आईच्या तोंडची. खाली नाव नाही, नुसती 'ई. एच. डी.' अशी अक्षरे. नातू म्हणतो, ही कविता एका बाईची आहे. त्या काळच्या बायका कविता वर्तमानपत्रात का देत असतील? पुस्तक का काढत नसत? नाव का लपवत? आणि संपादक तरी बातम्या बाजूला ठेवून कवितेला एवढी जागा का देत?
– एक निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : आपल्या नातवाला अगदी मोलाचे पान सापडले आहे. ई. एच. डी. म्हणजे एलायझा हॅमिल्टन डनलॉप. पान 'द ऑस्ट्रेलियन' या सिडनीच्या वर्तमानपत्राचे, तारीख १३ डिसेंबर १८३८. कवितेचे नाव 'आदिवासी आई' अशा अर्थाचे आहे आणि त्याच्याखाली एका जागेचे नाव आहे : मायल क्रीक. नातवाला छायाचित्र मोठे करून ते नाव बघायला सांगा. आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिथूनच निघतात, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो.

मायल क्रीक हा सिडनीच्या उत्तरेला, पार आतल्या कुरणांच्या मुलखातला एक ओढा. हेन्री डांगर नावाच्या बड्या जमीनमालकाचा गुरांचा तळ तिथे होता. तळाशेजारी विररायाराय लोकांचा एक जथा काही आठवडे येऊन राहिला होता. तळावरच्या माणसांशी त्यांचे चांगले जमले होते, पोरे झोपड्यांतून बागडत. १० जून १८३८ रोजी बारा घोडेस्वार तिथे आले. अकरा जण शिक्षा म्हणून इंग्लंड-आयर्लंडातून पाठवलेले कैदी किंवा सुटलेले कैदी, आणि एक स्वतंत्र गोरा. जथ्यातले धट्टेकट्टे पुरुष त्या दिवशी कामाला दूर गेले होते. उरले होते म्हातारे, बायका आणि मुले. स्वारांनी त्यांना एका लांब दोरखंडाला बांधले, नजरेआड नेले आणि कापून काढले. किमान अठ्ठावीस माणसे गेली. दोन दिवसांनी तेच लोक परत आले आणि त्यांनी प्रेते जाळली.

असे प्रकार त्या मुलखात आधीही झाले होते आणि नंतरही झाले. हे प्रकरण वेगळे ठरले ते तळाचा मुकादम विल्यम हॉब्ज याच्यामुळे. तो तळावर परत आला, त्याने जळके अवशेष पाहिले आणि तोंड दाबून बसायला नकार दिला. तक्रार गव्हर्नर गिप्सपर्यंत पोचली, चौकशी झाली, अकरा जणांना सिडनीला आणून उभे केले. जमीनमालकांनी आरोपींच्या वकिलांसाठी वर्गणी गोळा केली. 'सिडनी हेरल्ड' हे पत्र उघडपणे आरोपींच्या बाजूचे. १५ नोव्हेंबरला पहिला खटला चालला आणि ज्यूरीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत सगळ्यांना निर्दोष ठरवले. सरकारी वकील जॉन प्लंकेट हा आयरिश माणूस चिवट होता. त्याने त्यातल्या सात जणांवर दुसऱ्या खुनाचा आरोप ठेवून महिनाअखेरीस पुन्हा खटला उभा केला. या वेळी सातही जण दोषी ठरले. १८ डिसेंबरला त्यांना फाशी दिले.

आता कवितेची तारीख पुन्हा बघा. १३ डिसेंबर. निकाल लागलेला, फाशी व्हायची, आणि सिडनीत दुसरा विषय नाही. गोऱ्या माणसांना काळ्यांसाठी लटकवणार म्हणून सभ्य घरांतली जेवणाची टेबले तापलेली. त्या पाच दिवसांच्या फटीत ही कविता आली.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय तिचे मर्म कळणार नाही. तळावर यिंतायिंतिन नावाचा एक आदिवासी तरुण काम करत असे, गोरे त्याला डेव्ही म्हणत. स्वार त्या लोकांना घेऊन निघाले तेव्हा तो लपतछपत मागे गेला होता. प्रत्यक्ष पाहणारा, आणि खुन्यांच्या बाजूचा नसलेला, असा तोच. पण त्याला कोर्टात उभे करता आले नाही. साक्ष द्यायची तर शपथ घ्यायला हवी. ईश्वरावर आणि मृत्यूनंतरच्या शिक्षेवर ज्याची श्रद्धा नाही असे ठरले त्याची शपथ नाही, आणि शपथ नाही म्हणून साक्षही नाही, असा कायदा. न्यू साउथ वेल्समध्ये आदिवासींची साक्ष रीतसर ग्राह्य धरायला १८७६ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्यापैकी एकाचाही शब्द त्या दोन्ही खटल्यांत नोंदला गेला नाही. जे काही बोलले ते गोरेच.

एलायझाने केले ते एवढेच, आणि मला ते फार मोठे वाटते. जिला कोर्टात तोंड उघडता येत नव्हते तिला तिने वर्तमानपत्रात बोलायला लावले. कवितेत एक आई आहे. हत्याकांडातून जीव वाचवून पळालेली, तान्हे मूल छातीशी धरलेली. नवरा गेला, मोठा मुलगा डोळ्यांदेखत गेला. ती बाळाला गप्प करते आहे. झोपावे म्हणून नव्हे. त्याच्या रडण्याचा आवाज मारेकऱ्यांच्या कानी पडू नये म्हणून. रूप अंगाईचे. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे रूप ओळखू येईल : हलका हेलकावा, पुन्हा पुन्हा येणारे 'उगी उगी'. त्या 'उगी'तच सगळी भीती भरलेली आहे. सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडणाऱ्या सिडनीकराला ही अंगाई वाचायला लागली. त्याच पत्रांच्या आदल्या अंकांतून त्याने दोरखंड, तलवारी, जळकी हाडे हे सगळे साक्षीदारांच्या तोंडून वाचलेले होते. कवितेतली बाई काय सांगते आहे हे त्याला वेगळे समजावून द्यायची गरज नव्हती.

पुस्तक का नाही, याचे उत्तर इथे आले. पुस्तक निघायला वर्ष लागले असते आणि तोवर माणसे विसरली असती. अर्थात व्यवहाराची कारणेही होतीच. सिडनीत पहिले वर्तमानपत्र १८०३ साली निघाले, पण कवितेचे पहिले पुस्तक छापले गेले ते १८१९ मध्ये, तेही न्यायाधीशाच्या खुर्चीवरच्या बॅरन फील्ड नावाच्या गृहस्थाचे, सरकारी छापखान्यात. कागद बोटीने यायचा, खिळे बोटीने यायचे, छापखाने थोडे, पुस्तक विकत घेणारे त्याहून थोडे. एखाद्या बाईचा कवितासंग्रह ऑस्ट्रेलियात प्रथम छापला गेला तो १८४० साली, फिडेलिया हिल यांचा. एलायझाची ही कविता त्याच्याही दोन वर्षे आधीची. तिचा स्वतःचा संग्रह तिच्या हयातीत कधीच निघाला नाही. 'द व्हाज', म्हणजे फुलदाणी, असे नाव देऊन तिने एक हस्तलिखित वही तयार केली होती. ती आज सिडनीच्या मिचेल ग्रंथालयात आहे.

संपादक जागा का देत, हा आपला प्रश्न मला आवडला, कारण आज आपल्याला ते नवलाचे वाटते. त्या काळच्या चार पानी पत्राचे रूप डोळ्यांसमोर आणा. बंदरात आलेल्या-गेलेल्या बोटी, लोकरीचे भाव, जमिनीचे लिलाव, पळालेल्या कैद्यांची वर्णने, आणि इंग्लंडच्या चार-पाच महिने शिळ्या बातम्या. बोट उशिरा आली की जुळाऱ्यापुढे रकाने रिकामे. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पत्रात कवितेचा ठरलेला कोपरा असे. त्यात इंग्रजी मासिकांतून उचललेल्या कविताही येत, पण इथल्या माणसाने इथे लिहिलेली असली की वर तसे ठळक छापत, कारण त्याची शान असे. मोबदल्याचे म्हणाल तर मिळत नसे. लोक हौसेने पाठवत, छापून आले की अंक जपून ठेवत. आणि कविता वाचली जाई, मोठ्याने, चार जणांत. लोक कवितेतून भांडत, टोमणे मारत, गव्हर्नरला सुनावत. कुणाच्या मृत्यूवर, कुणाच्या निवडणुकीवर, एखाद्या पुलाच्या उद्घाटनावर कविता येत. लग्न झालेल्या बाईने अग्रलेख लिहिणे अशक्यच होते, सभेत बोलणे तर त्याहून. पण कवितेच्या कोपऱ्यात तिला कुणी अडवत नव्हते. तो कोपरा निरुपद्रवी समजला जाई. एलायझासारख्या बाईने त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

आद्याक्षरांचे कारण दुहेरी आहे. घरंदाज बाईचे नाव छापून बाजारात फिरावे हे शिष्टाचाराला धरून नव्हते, म्हणून आद्याक्षरे किंवा टोपणनाव. पण गोऱ्यांचे सिडनी लहान गाव. ई. एच. डी. कोण हे ज्याला कळायचे त्याला कळत असे. लपायला आडोसा, तोही पातळ. पुरुषही टोपणनावे घेत, तेव्हा यात सगळा बायकांचाच संकोच शोधू नये.

ही बाई तिथे आली कुठून, हे सांगायलाच हवे, कारण त्यात आपलाही थोडा संबंध आहे. एलायझाचा जन्म १७९६ चा, आयर्लंडच्या आर्मा परगण्यातला. ती लहान असतानाच तिचे वकील वडील हिंदुस्थानात निघून गेले आणि ती आजीपाशी वाढली. १८२० मध्ये ती वडिलांना भेटायला म्हणून बोटीने एवढा प्रवास करून हिंदुस्थानात आली. पोचली तेव्हा कळले की वडील वारले आहेत. आणि कळले की इथे त्यांच्या हिंदी स्त्रीपासून झालेल्या दोन मुली आहेत, म्हणजे आपल्या दोन सावत्र बहिणी. चोवीस-पंचवीस वर्षांची ती मुलगी त्या क्षणी काय विचार करत असेल? ज्या समाजात ती वाढली त्यात अशा बहिणींचा उच्चार करायचा नसतो. अठरा वर्षांनी हीच बाई एका काळ्या आईच्या तोंडून बोलली, तेव्हा तिच्या मनात त्या दोघी होत्या, असे मला वाटते. पुरावा मागाल तर कवितेतला कळवळा एवढाच देता येईल.

पुढे ती मायदेशी परतली. पहिले लग्न टिकले नाही. १८२३ मध्ये तिने डेव्हिड डनलॉप या पुस्तकविक्रेत्याशी लग्न केले. आयर्लंडच्या मासिकांत तिच्या कविता येत होत्या. फेब्रुवारी १८३८ मध्ये नवरा आणि चार मुलांसह ती सिडनीच्या बंदरात उतरली. डेव्हिडला आधी पेनरिथला आणि मग वोलंबी इथे पोलीस मॅजिस्ट्रेटची नोकरी मिळाली. ती आपल्या कवितांना 'परागंदेची गाणी' अशा अर्थाचे मालिकानाव देत असे. मायल क्रीकची कविता त्याच मालिकेतली आहे. नव्या मुलखात पाऊल टाकून तिला तेव्हा दहा महिनेही झाले नव्हते. शेजारपाजार अजून जुळायचा, नवऱ्याची नोकरी नवी, आणि नोकरी ज्या जमीनमालकांच्या मर्जीवर बरीचशी अवलंबून त्यांच्याच विरुद्ध जाणारी ही कविता. डेव्हिडचे पुढे वोलंबीच्या गोऱ्यांशी खटके उडत राहिले आणि १८४७ मध्ये त्याचे पद गेले.

कवितेचा खरा गवगवा तीन वर्षांनी झाला. लंडनमध्ये बायरनच्या गीतांना चाली लावून नावारूपाला आलेला आयझॅक नेथन हा संगीतकार १८४१ मध्ये सिडनीत आला. त्याने या कवितेला चाल दिली आणि ऑक्टोबरमध्ये एका मैफलीत ती गायली गेली. गाणे लोकांच्या कानावर पडले तेव्हा 'हेरल्ड' चिडले. त्यांचा आक्षेप काय होता? कविता वाईट आहे असे ते म्हणाले नाहीत. आदिवासी बाईला असे दुःख, अशी माया असू शकते असे दाखवणे हेच खोटे आहे, असे म्हणाले. आईला मुलाचे दुःख होते, हे वर्तमानपत्रात वादाचा मुद्दा व्हावे! एलायझाने या वेळी आद्याक्षरांचा आडोसा सोडला आणि पत्र लिहून उत्तर दिले. सततच्या अत्याचारांनी जे लोक सुडाला प्रवृत्त झाले आहेत असे म्हटले जाते, त्यांच्याविषयी इंग्लंडच्या जनतेत सहानुभूती जागवावी म्हणून आपण हे लिहिले, असा तिच्या म्हणण्याचा आशय. माघार तिने घेतली नाही. पुढच्या वर्षी गाण्याची छापील स्वरलिपीही बाजारात आली.

एक प्रश्न आपण विचारलेला नाही, पण शिक्षिका म्हणून आपल्या मनात आला असेलच. दुसऱ्याच्या आईच्या तोंडी आपले शब्द घालायचा हिला काय अधिकार? कवितेतली आई अस्खलित इंग्रजी छंदात बोलते, त्या काळच्या इंग्रजी काव्यातल्या शोकाकुल 'रानटी' बायकांसारखीच बोलते. एलायझा मायल क्रीकला गेली नव्हती. त्या लोकांची भाषा तिला तेव्हा येत नव्हती. हा दोष मी झाकणार नाही. पण त्यानंतर तिने जे केले त्याची दखल सहसा घेतली जात नाही, आणि मला ते कवितेइतकेच थोर वाटते. वोलंबीला राहायला गेल्यावर ती तिथल्या आदिवासी लोकांची भाषा शिकू लागली. शब्दांच्या याद्या केल्या, गाणी ऐकून उतरवून घेतली. या लोकांत काव्याची एक देवता आहे, ना देऊळ ना मूर्ती, ती स्वप्नात येते, माणसाला उन्हाने न्हालेल्या टेकडीवर नेते आणि गाणे देते, असे तिने टिपून ठेवले. ऑक्टोबर १८४८ मध्ये 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'मध्ये, म्हणजे नाव बदललेल्या त्याच 'हेरल्ड'मध्ये, तिने त्या लोकांचे एक गाणे छापून आणले. आधी त्यांच्याच भाषेत, रोमन लिपीत, आणि मग इंग्रजीत. दहा वर्षांपूर्वी तिने त्यांच्यासाठी बोलायचा प्रयत्न केला होता. आता त्यांचे शब्द त्यांच्याच उच्चारात, लोकरीच्या भावांशेजारच्या रकान्यात उभे होते. ज्या जुळाऱ्याने ते अनोळखी शब्द एकेक खिळा उचलून जुळवले त्याचा हात किती वेळा अडखळला असेल! आज त्या भाषांचा अभ्यास करणारे तिच्या याद्या पुन्हा उघडून बसतात.

आता घराजवळचे. आपण वाईच्या, पुणे फार दूर नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. एमा रॉबर्ट्स ही इंग्रज कवयित्री कोलकात्यात असताना तिच्या कवितांचे पुस्तक १८३० साली तिथेच छापले गेले आणि 'ओरिएंटल ऑब्झर्व्हर' या पत्राचे संपादनही तिने केले. बाईने वर्तमानपत्र चालवावे ही त्या काळात नवलाचीच बाब होती. १८३९ मध्ये ती मुंबईला आली, तिथेही एका पत्राचे संपादन हाती घेतले आणि सप्टेंबर १८४० मध्ये पुण्यात वारली. तिच्या आधी, १८३३ मध्ये, मारिया जेन ज्यूसबरी ही कवयित्रीही पुण्यातच वारली होती. हिंदुस्थानच्या वाटेवर बोटीत लिहिलेल्या तिच्या कविता लंडनच्या साप्ताहिकात छापून येत. एमाला तिच्याशेजारीच पुरले. आपल्याकडे 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले. सावित्रीबाईंचे 'काव्यफुले' १८५४ चे. त्या दोन सालांच्या मधल्या काळात मराठी बाईची कविता जात्यावर होती, भरभरून होती, पण छापखान्याच्या दारापर्यंत तिला कुणी नेले नव्हते.

एलायझा २० जून १८८० रोजी वोलंबीला वारली आणि तिथेच पुरली गेली. मायल क्रीकच्या जागी २००० साली स्मारक उभे राहिले. दर जूनमध्ये मेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे असे दोघांचेही वंशज तिथे एकत्र जमतात.

नातवाने आपल्याला छायाचित्र पाठवले. पण आपण ते पान स्वतःही घरबसल्या पाहू शकता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे 'ट्रोव्ह' नावाचे संकेतस्थळ आहे, पैसे पडत नाहीत. तिथे वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख टाका. पान उघडले की डाव्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर दिसतो. जुनी छपाई, शाई पसरलेली, त्यामुळे यंत्र अनेक शब्द चुकीचे वाचते आणि ते दुरुस्त करण्याची मुभा वाचकाला असते. जगभरचे अनेक लोक अशा ओळी सुधारत बसतात. आपण आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. एखाद्या दुपारी एलायझाच्या कुठल्या तरी कवितेतली अशी चुकलेली ओळ आपल्या नजरेला पडली, तर तेवढी नीट करून टाका.